राजीनाम्यानंतरचे टिळक



ग्वाल्हेरच्या पडावातील या सभेचे अध्यक्षपद देऊन आपण माझा जो बहुमान केला, त्यातून उतराई होण्याचा रूढ शिरस्ता म्हणजे शिंदेशाहीतील आपल्या वाडवडिलांच्या तरवारीची आणि राजकवी तांब्यांच्या कीर्तीची पुन्हा एकवार थोरवी गाऊन खाली बसणे. परंतु भाषणाचा विषय रेव्हरंड नारायण वामन टिळक आहे असे कळताच आपल्यापैकीच काही मान्यवरांनी ‘कवितेपुरते बोला, मिशनचे काढू नका’ असा जो निरोप मजकडे धाडला, त्याचा समाचार घेतल्यावाचून मला पुढे जाता येत नाही.

ज्यांना आपण फुलामुलांचे कवी म्हणून पाठ्यपुस्तकात बसविले, ते टिळक ख्रिस्ताचे प्रचारक होते, आणि हे काम त्यांनी फावल्या वेळात केलेले नाही. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा जात गेली, आप्त गेले, पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दुरावल्या. पुढे अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनची सेवा आणि ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्राचे संपादन करीत असता त्यांनी त्र्यंबक बापूजी ठोंबरे या पोरसवदा कवीला, म्हणजे आपल्या बालकवींना, घरी ठेवून घेतले आणि तो मुलगा बाप्तिस्मा न घेताच त्या घरचा झाला, ही गोष्ट धर्मांतराच्या नावाने शंख करणाऱ्यांनी सवडीने ध्यानात घ्यावी.

आता १९१७ साल पाहा. टिळकांचे वय पंचावन्न. सरकारी चाकराने दफ्तर आवरून पेन्शनीचे कागद रुजू करावयाचे त्या काळी हेच वय, आणि पेन्शनीची महती या सभेला मी काय सांगावी! या गृहस्थाने त्याच वयात मिशनच्या वेतनावर पाणी सोडले, साताऱ्यास बिऱ्हाड नेले, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांना एका पंक्तीस बसविणारा ‘देवाचा दरबार’ मांडला. चर्चच्या शिस्तीत न बसणारा आणि हिंदू समाजालाही न पटणारा हा दरबार दोन वर्षेदेखील नीट चालला नाही. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईस वारले, आणि हिशेबनिसाच्या दृष्टीने कारभार तोट्यात बंद झाला.

परंतु नगरच्या बाजूस एखाद्या मराठी ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेला जाऊन बसा. पेटी आणि तबला लागलेले असतात, म्हाताऱ्या बाया पदर सावरून टाळ धरतात, आणि येशूची स्तुती चालते ती अभंगाच्या चालीवर, विलायती सुरावटीची सोंगे न आणता. त्या भजनांतील कितीतरी टिळकांची आहेत, आणि तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते स्वतःच सांगत असत. मग कविता ठेवू आणि मिशन वगळू म्हणणाऱ्यांनी ही भजने कोणत्या खात्यावर टाकावयाची? आणि तुकाराम वगळून टिळक आपल्याकडे ओढू पाहणारे जे कोणी ख्रिस्ती पंडित असतील, त्यांनाही माझा हाच सवाल आहे.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ ही आत्मकथा तर आपण घरोघर वाचतो, हसतो, डोळे पुसतो, आणि ज्या श्रद्धेपायी त्या संसाराची वाताहत झाली व पुन्हा घडी बसली, तिचा उल्लेख निघाला की पानदान पुढे सरकवितो. ही रसिकता मला मान्य नाही. २०२०च्या उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना मिळाले तेव्हा, त्यांचे ‘सुबोध बायबल’ न उघडताच, केवळ ते धर्मगुरू म्हणून ज्यांनी निषेधाची ओरड केली, त्यांची आणि निरोप धाडणाऱ्या आपल्या मान्यवरांची जातकुळी एकच आहे, फरक आवाजाच्या पट्टीचा.

यानंतर कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे काव्यगायन आहे. टिळकांच्या फुलांच्या कविता आपण नेहमी म्हणतो. आज प्रारंभ त्यांच्या ख्रिस्तभजनांनी होईल, असा माझा अध्यक्ष या नात्याने निर्णय आहे, आणि ज्यांना तो मंजूर नसेल त्यांनी आपली हरकत सभा संपल्यावर चिटणिसांकडे लेखी द्यावी.