सोळा पायऱ्या

(वासंतिक व्याख्यानमालेत ‘लहान मुले आणि परदेश प्रवास’ या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नकार दिला होता. मी काही प्रवासवर्णनकार नव्हे. तीस वर्षे वृत्तपत्रांत काम केले, त्यातली बहुतेक रात्रपाळीत गेली. नातवंडांना घेऊन परदेशी जाण्याचा योग आयुष्यात एकदाच आला. परंतु संयोजक म्हणाले, “तुमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्याच सांगा.” या विषयात माझा अधिकार निर्विवाद आहे, हे लक्षात आल्यामुळे मी होकार दिला.

गेल्या मे महिन्यात आम्ही सहा जण मॉरिशसला गेलो. मी, माझे यजमान, मुलगा, सून, आठ वर्षांचा नातू आणि चार वर्षांची नात. मॉरिशस निवडण्याची कारणे अगदी व्यावहारिक होती. मुंबईहून थेट विमान मिळते, प्रवास साधारण सहा तासांचा. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीडच तास मागे, त्यामुळे मुलांची झोप बिघडत नाही. भारतीय पर्यटकाला व्हिसासाठी आधी अर्ज करून ताटकळावे लागत नाही. मे महिन्यात आपण उन्हाने भाजून निघत असताना तिथे हिवाळ्याची चाहूल लागलेली असते आणि चक्रीवादळांचा हंगाम सरत आलेला असतो. शिवाय शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही. इतकी कारणे पुरेशी होती. तरीही मी त्यांत आणखी एक कारण मिळवले आणि तिथूनच माझी चूक सुरू झाली. “मुलांना तिथे आपली संस्कृती पाहायला मिळेल,” असे मी घरात सर्वांना बजावून सांगितले.

पहिले तीन दिवस

मॉरिशस हे बेट आकाराने गोव्याच्या जवळपास निम्मे आहे. नकाशा पाहिला की वाटते, हे काय, दोन दिवसांत पालथे घालू. मी वहीत रकाने आखून कार्यक्रम तयार केला. रोज चार ठिकाणे. पहिल्या दिवशी पॅम्पलमूसचे वनस्पती उद्यान, दुपारी पोर्ट लुई, संध्याकाळी समुद्र. दुसऱ्या दिवशी शामारेलची सात रंगांची माती, धबधबा, गंगा तलाव आणि वाटेत जे येईल ते.

पॅम्पलमूसच्या उद्यानात तळ्यावर परातीएवढी, काठ वर वळलेली कमळपाने पसरलेली आहेत. जगभरातून माणसे ती पाहायला येतात. आमच्या नातीने त्या पानांकडे एकदा पाहिले आणि नंतरचा अर्धा तास ती वाटेवरच्या मुंग्यांची रांग न्याहाळत बसली. “अगं, इकडे बघ, असली पाने पुन्हा दिसणार नाहीत,” असे मी तिला चार वेळा म्हटले. मुंग्या घरीही आहेत, हे माझे म्हणणे. घरी मुंग्या बघायला कुणी थांबू देत नाही, हे तिचे म्हणणे असावे. तिला ते मांडता आले नाही, इतकेच.

दुसऱ्या दिवशी शामारेलच्या वळणावळणाच्या घाटात तिला उलट्या झाल्या. तिसऱ्या दिवशी अंगात ताप. सुनेने थर्मामीटर पाहिला, औषध दिले आणि शांतपणे म्हणाली, “आई, आपण कुणाला दाखवायला आलो आहोत का हे सगळे?” आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच ते मला अधिक लागले. त्या रात्री मी वहीतले ते पान फाडून टाकले.

त्यानंतर आम्ही नियम केला, दिवसाला एकच ठिकाण. उरलेला वेळ वाळू आणि लाटा. माता-भगिनींनो, प्रवासाचा हाच एक नियम मी आज ठामपणे सांगू शकते. बाकीच्या गोष्टी आपल्याला ठाऊक असतातच. औषधांची पिशवी हाताशी असावी. विमान उतरताना कान दुखू नयेत म्हणून मुलाला काहीतरी चघळायला किंवा प्यायला द्यावे. लहान मुलांच्या पारपत्राची मुदत पाचच वर्षांची असते, ती वेळेवर तपासावी. त्या समुद्रात अनवाणी उतरू नये, प्रवाळाचे तुकडे आणि काटेरी जीव पायाला इजा करतात. रबरी बूट स्वस्तात मिळतात.

आणि समुद्र! मॉरिशसच्या बहुतेक किनाऱ्यांभोवती प्रवाळाची भिंत आहे. किनाऱ्यावरून पाहिले तर दूरवर पांढऱ्या फेसाची एक रेघ दिसते. मोठ्या लाटा तिथेच फुटतात आणि अलीकडचे पाणी तळ्यासारखे शांत राहते. दक्षिणेला ग्रिग्री नावाचे ठिकाण आहे, तिथे ही भिंत नाही, म्हणून सागर थेट कड्यावर आदळतो. आजोबांनी नातवाला दोन्ही ठिकाणे दाखवून तो फरक समजावला. शाळेच्या पुस्तकातून त्याला हे महिनाभरात कळले नसते.

पुरीची ओळख

आमच्या गाडीचा चालक चाळिशीतला, मितभाषी गृहस्थ होता. आमच्याशी तो हिंदीत बोले. हिंदी चित्रपट पाहून आणि शाळेत शिकून आलेली ती भाषा. दुसऱ्यांशी बोलताना मात्र तो क्रेओलमध्ये शिरे. ती आम्हांला कळत नसे, पण मधूनच एखादा शब्द ओळखीचा वाटे. तिथे चटणीला ‘सातिनी’ म्हणतात. रस्त्याकडेला ‘डॉल पुरी’ मिळते. हरभऱ्यासारख्या डाळीचे सारण भरलेली मऊ पातळ पोळी, वर रस्सा आणि सातिनी, कागदात गुंडाळलेली, एकावर एक अशा दोन. ताप उतरल्यावर नातीने पहिला घास घेतला तो याच पुरीचा. ती म्हणाली, “ही तर न गोड केलेली पुरणपोळी!” चालक ते ऐकून हसला आणि म्हणाला, “मौसी, आम्ही मराठीच आहोत.”

मला विलक्षण आनंद झाला. मी तत्काळ मराठीत बोलू लागले. गाव कोणते, आडनाव काय, देव कोणता. तो नम्रपणे ऐकत राहिला आणि मग हिंदीत म्हणाला, “इतके नाही समजत.” त्याचे पूर्वज रत्नागिरीकडून आले एवढे त्याला ठाऊक होते. गाव ठाऊक नव्हते. मूळ आडनावही नाही. गोदीवरच्या कारकुनाने पणजोबांचे जे नाव लिहून घेतले, तेच पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. अशी नावे तिथे घरोघर आहेत.

पण गणपतीची आरती त्याला संपूर्ण येत होती. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते. त्याच्या गावी मूर्ती वाजतगाजत समुद्रावर नेतात. आपल्या कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ या नावाने अजून नाचली जाते. त्याचा मुलगा शाळेत मराठी हा विषय घेतो. तिथल्या नोटांवर देवनागरी आणि तमिळ अक्षरे आहेत. माझा नातू ती अक्षरे लावून लावून वाचू लागला, तेव्हा मी अभिमानाने म्हटले, “पाहिलेस? हा छोटा भारतच आहे.”

चालकाने आरशातून माझ्याकडे पाहिले. “भारतातून येणारे सगळे असेच म्हणतात,” तो म्हणाला. “ऐकायला बरे वाटते. पण मौसी, हा मॉरिशस आहे. आमचा देश आहे.” त्यात राग नव्हता. एखाद्या पाहुण्याने घराचे नाव चुकीचे घेतले तर आपण जसे सौम्यपणे दुरुस्त करतो, तसे ते होते.

आप्रवासी घाट

पाचव्या दिवशी आम्ही पोर्ट लुईतला आप्रवासी घाट पाहिला. ही जागा दिसायला साधी आहे. काळ्या दगडाच्या काही भिंती, मोडके ओटे आणि पाण्याच्या दिशेला असलेल्या सोळा पायऱ्या. २००६ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसास्थळ ठरवले.

इतिहास थोडक्यात सांगते. ब्रिटिशांनी १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी संपवली. उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अ‍ॅटलस’ या जहाजातून छत्तीस मजूर कोलकात्याहून येऊन दाखल झाले होते. नंतर मद्रासहून आणि आपल्या मुंबई बंदरातूनही माणसे जात राहिली. १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे या बेटावर उतरली. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची, अशीही पद्धत होती. सुरुवातीला परतीचा प्रवास फुकट होता, पुढे ती सवलतही काढून घेतली गेली.

हे सगळे मी नातवाला त्याच्या भाषेत सांगत होते. तो पायऱ्या मोजत होता. ‘वन, टू, थ्री’ करत ‘सिक्स्टीन’ला पोहोचला. चालक शेजारी उभा होता. तो सहज म्हणाला, “मराठीत मोज ना.”

नातू उत्साहाने खाली उतरला आणि पुन्हा मोजू लागला. एक, दोन, तीन. दहा झाले, अकरा झाले, बारा झाले. तेराव्या पायरीवर तो थांबला. माझ्याकडे पाहू लागला. मग तो चालक, ज्याला मराठीत चार वाक्ये बोलता येत नव्हती, पुढच्या पायऱ्या मोजत गेला. “तेरा, चौदा, पंधरा, सोळा.” उच्चार थोडे निराळे होते. त्याला ते आकडे त्याच्या आजीने शिकवले होते. ती वाण्याकडचा हिशेब मराठीत करी.

मंडळी, मराठीच्या रक्षणावर मी अनेक अग्रलेख लिहिले आहेत. काहींना पुरस्कार मिळाले आहेत. त्या क्षणी मला त्यांतले एकही वाक्य आठवले नाही. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, भाषा बाराव्या पायरीवर थांबली होती आणि मी ते पाहिलेच नव्हते. मुलांची शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, सून-मुलगा नोकरी करतात, यांत दोष त्यांचा नाही. दुपारभर नातवंडे माझ्याकडे असतात. त्यांना मोजायला शिकवण्याचे काम माझे होते. मी त्या वेळी संस्कृतीविषयी लेख लिहीत होते.

नातवाने तिथे आणखी एक प्रश्न विचारला. “आजी, ही माणसे परत का नाही गेली?” मी म्हटले, काही गेली. काहींकडे पैसे नव्हते. काहींची मुले इथे जन्मली, इथेच रुजली. त्यावर चालक म्हणाला, “आणि नंतर देश स्वतंत्र केला. बारा मार्च.” १९६८ सालचा तो दिवस. दांडीयात्रा ज्या तारखेला निघाली, तीच तारीख त्यांनी निवडली. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतताना गांधीजींचे ‘नौशेरा’ जहाज इथे थांबले होते आणि ते काही आठवडे या बेटावर राहिले होते. ती आठवण तिथे अजून जपलेली आहे.

दुसऱ्या दिवशी चालकाने स्वतःहून आम्हांला ल मोर्नचा डोंगर दाखवला. मळ्यांतून पळालेले आफ्रिकी गुलाम त्या कड्यांवर लपून राहत. तेही २००८ पासून जागतिक वारसास्थळ आहे. “आमच्या आधी ज्यांनी सोसले, ते हे,” तो म्हणाला. माझ्या यादीत ते ठिकाण नव्हते. मी फक्त आपल्या माणसांची ठिकाणे लिहून नेली होती. त्या माणसाला मात्र दोन्ही दुःखे आपलीच वाटत होती.

शेवटच्या दिवशी गंगा तलावावर गेलो. ज्वालामुखीच्या मुखात साठलेले ते पाणी. १९७२ साली त्यात गंगेचे जल मिसळले गेले. महाशिवरात्रीला देशभरातून लोक खांद्यावर कावड घेऊन पायी तिथे येतात. आम्ही गेलो तेव्हा गर्दी नव्हती. नातीने हात जोडले, लगेच तिच्या हातातले केळे माकडाने पळवले आणि ती आधी रडली, मग खूप हसली. घरी परतल्यावर तिला कुणी मॉरिशसविषयी विचारले की ती हीच गोष्ट सांगते. मी तिला दुरुस्त करत नाही.

आता शेवटचे. मुलांना परदेशी न्यावे का, असा प्रश्न संयोजकांनी विषयपत्रिकेत घातला आहे. ऐपत असेल, प्रकृती साथ देत असेल तर अवश्य न्यावे. पण मुलांना संस्कृती दाखवायला नेतो आहोत, या भ्रमात राहू नये. संस्कृती दाखवण्याची वस्तू नाही. ती दुपारी चार वाजता, दूध पिताना, पायऱ्या मोजताना द्यायची असते. प्रवासात फक्त एवढेच कळते की आपण ती दिली होती की नाही.

परतल्यापासून आमच्या इमारतीत आम्ही उद्वाहन वापरत नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत छत्तीस पायऱ्या आहेत. नातू रोज मराठीत मोजत चढतो. नात मागून ओरडून ते आकडे म्हणते. एकोणतीसला दोघेही अजून अडखळतात. परंतु ‘सोळा’ आले की नातू क्षणभर थांबतो आणि मागे वळून माझ्याकडे पाहतो.