जीवनाची गुणवत्ता आणि लोकांची भाषा

(सर्वेक्षण कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



उत्पन्न, शिक्षण आणि आयुर्मान यांवरून समाजाची प्रगती मोजण्याची पद्धत आपल्या परिचयाची आहे. १९९० पासून प्रसिद्ध होत असलेला मानव विकास निर्देशांकही याच तीन बाबींवर उभा आहे. त्यांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु ज्याचे जीवन आपण मोजतो, त्याला स्वतःला ते कसे वाटते, हे त्यातून उमगत नाही.

ही उणीव दूर करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ मध्ये एक प्रकल्प हाती घेतला. जगातील १५ केंद्रांत हे काम चालले. नवी दिल्ली आणि मद्रास (आजचे चेन्नई) ही त्यांतील आपली दोन केंद्रे. एका देशाने प्रश्नावली करावी व इतरांनी तिचे भाषांतर करावे, ही जुनी रीत येथे सोडून देण्यात आली. ठिकठिकाणी रुग्ण, निरोगी नागरिक आणि आरोग्यसेवक यांच्याशी चर्चा करून प्रश्न घडविण्यात आले. त्यांतून १०० प्रश्नांची व पुढे २६ प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध झाली.

उत्तरांचे शब्दही लोकांकडूनच घेतले गेले. दहा सेंटीमीटरच्या रेषेच्या एका टोकाला ‘कधीच नाही’ व दुसऱ्या टोकाला ‘नेहमी’ अशा अर्थाचे शब्द लिहून, मधला प्रत्येक शब्द कोठे बसतो याची खूण लोकांना करावयास सांगितले जाई. पाव, अर्ध्या आणि पाऊण अंतरावर येणारे शब्द निवडले जात. मराठीतील ‘क्वचित’, ‘अधूनमधून’ आणि ‘बहुधा’ यांमधील अंतरही केवळ शब्दकोशावरून ठरविता येणार नाही.

आपल्याकडे ‘कसे काय चालले आहे?’ असे विचारताच ‘देवाच्या कृपेने बरे आहे’ असे उत्तर येते. तो शिष्टाचार आहे. त्याची समाधान म्हणून नोंद करू नये. तसेच सासूबाई शेजारी बसल्या असता सुनेने दिलेले उत्तर तिचे एकटीचे असेलच असे नाही.

आणखी एक इशारा आवश्यक आहे. दीर्घकाळ अभावात जगणारा माणूस आपल्या अपेक्षाच आखडून घेतो, याकडे अमर्त्य सेन यांनी लक्ष वेधले आहे. तेव्हा पाण्यासाठी मैलभर चालणारी स्त्री ‘मी समाधानी आहे’ म्हणाली, तरी तिच्या दारी नळ आणण्याचे शासनाचे कर्तव्य तसूभरही कमी होत नाही. तिचे उत्तर आणि तिची पायपीट, दोन्हींची नोंद शेजारीशेजारी करा. त्या दोहोंच्या मेळातूनच विकासाचे खरे चित्र हाती येईल.