वावरातला कॅमेरा कोणाच्या हाती?

सिनेमाच्या धंद्यात देशाचे विभाग पाडलेले आहेत. त्यातल्या एकाचं नाव आजही 'सी.पी. बेरार'. मध्यप्रांत-वऱ्हाड हे नाव 1950मध्ये नकाशावरून गेलं, वितरकांच्या वहीतून काही गेलं नाही. म्हणजे सिनेमाचं गिऱ्हाईक म्हणून आपण वऱ्हाडातले लोक जुने आणि पक्के. सिनेमा करणारे म्हणून मात्र आपलं नाव क्वचित निघतं, आणि त्यात बाईचं तर विचारूच नका.

कॅमेरा आपल्याकडे आलाच नाही असं नाही. 2009मध्ये दीपा भाटियांनी 'नीरोज गेस्ट्स' हा माहितीपट केला. 'तारे जमीं पर'चं संकलन करणाऱ्या त्या याच. पत्रकार पी. साईनाथांबरोबर त्या विदर्भात आत्महत्या झालेल्या घरांपर्यंत पोचल्या. पुढे कविता बहल यांनी नंदन सक्सेनांसोबत कापूस उत्पादकांवर 'कॉटन फॉर माय श्राउड' केला. दोन्ही कामं तळमळीची. पण पाहुणा दुखवट्याला येतो, तेव्हा त्याला दुखवट्याचंच घर दिसतं: हार घातलेला फोटो, कर्जाचे कागद, भिंतीला टेकलेली बाई. तीच बाई पऱ्हाटी फुटली की सीतादहीची पूजा करून वेचणीला लागते, पोटाशी ओटी बांधून ओळीत शिरते, संध्याकाळी काट्यापाशी वजनावरून मालकाशी भांडते आणि घरी जाताना त्याची अशी नक्कल करते की बाकीच्या बाया हसून बेजार होतात. हे टिपायचं तर त्या बायांमधलीच कोणीतरी पाहिजे.

तिला सिनेमा जमेल का? सुमित्रा भाव्यांनी तरी तो कुठे शिकला होता! त्या समाजकार्यातल्या. पुण्याच्या झोपडपट्टीतल्या बायांवर संशोधन करत होत्या. ज्यांच्यावर अहवाल लिहायचा, त्यांनाच तो वाचता येत नसेल तर उपयोग काय? म्हणून 1985मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, त्यांनी 'बाई' हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुनील सुकथनकरांबरोबर पुढे 'दोघी', 'वास्तुपुरुष' झाले, आणि 'कासव'ला तर सुवर्णकमळ मिळालं.

त्याहून जवळचं उदाहरण शेजारच्या तेलंगणातलं. झहीराबादजवळच्या पस्तापूरला डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ही संस्था आहे. तिथल्या दलित शेतकरी बाया कॅमेरा शिकल्या. त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. वरंगळच्या बीटी कापसामागे त्या तीन वर्षं लागल्या, हंगामामागून हंगाम त्याच शेतकऱ्यांना भेटत राहिल्या आणि त्यातून त्यांनी माहितीपट केला. कॅमेऱ्याच्या कोनांना त्यांनी स्वतःची नावं दिली. वरून खाली पाहणारा तो पटेल, म्हणजे जमीनदार शॉट, खालून वर पाहणारा तो गुलामाचा शॉट, आणि डोळ्याला डोळा भिडवणारा तो संघम शॉट. 'संघम' म्हणजे त्यांचं गावातलं बायांचं मंडळ. चित्रपटाच्या शाळेत पुष्कळ तास खर्चूनही कोन निवडण्यामागचं राजकारण इतकं स्वच्छ कळत नाही, असं मला वाटतं.

पैशाचं म्हणाल, तर केरळ सरकारने 2019पासून स्त्री दिग्दर्शकांच्या चित्रपटांना दीड-दीड कोटी रुपये दिले. तारा रामानुजन यांचा 'निषिद्धो' त्यातूनच आला. कॅमेरा हाती घेणाऱ्या आपल्या मुलीला सुरुवातीला कोटी नकोत. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत संगणक आहेत. संध्याकाळी एखादी खोली संकलनासाठी उघडी ठेवा. शेवटची एसटी चुकली तर राहायला जागा द्या. चित्रपटगृहवाल्यांनी महिन्यातून एक सकाळचा खेळ द्यावा. आणि पडद्यावर वऱ्हाडी बोली ऐकू आली की लगेच हसायची आपली सवय जरा आवरावी. त्या बोलीत माणसं रडतात, हिशेब मांडतात, प्रेमही करतात. 8 मार्चच्या महिला दिनाची शाल आणि नारळ त्यानंतर दिले तरी चालतील.

आणखी एक करा. पहिला खेळ शहरात ठेवू नका. जिथे चित्रण झालं त्या गावात, शाळेच्या मैदानात पडदा बांधा. वेचणीवाल्या बायांना पुढे बसवा. नक्कल ज्याची झाली त्या मालकालाही आवर्जून बोलवा, त्याला चांगली खुर्ची द्या.