‘ध’चा ‘मा’ आणि रक्तातले एक अक्षर

(गणेशोत्सवातील व्याख्यान)



गणपतीच्या मांडवात रक्ताच्या आजारावर कसले व्याख्यान, असे काहींनी आम्हांला विचारले. पण गोष्ट मुळात भाषांतराची आहे, आणि ते आपल्या आदिलाबादकरांच्या अंगवळणी पडलेले आहे. घरात मराठी, बाजारात तेलुगू, आजोबांच्या कागदपत्रांत उर्दू.

आपल्या पेशींतही हेच काम चालते. डीएनएची वर्णमाला चारच अक्षरांची: ए, टी, जी, सी. तीन-तीन अक्षरांचे शब्द केले की ६४ होतात. त्यांतले ६१ शब्द २० अमिनो आम्लांसाठी, उरलेले ३ पूर्णविराम. पेशी आधी डीएनएवरून आरएनए नावाची नक्कल काढते. ती तीन-तीन अक्षरांनी वाचत रायबोसोम एकेक अमिनो आम्ल ओवतो. ती माळ म्हणजे प्रथिन. हा शब्दकोश उलगडणाऱ्या हरगोविंद खुरानांना १९६८ साली आणखी दोघांबरोबर नोबेल मिळाले.

आता ‘ध’चा ‘मा’ आठवा. १७७३ साली गणेशोत्सवाच्याच दिवसांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’चे ‘मारावे’ कोणी केले, ही आख्यायिका असेल. पण रक्तात हे खरोखर घडते. हिमोग्लोबिनच्या बीटा माळेत १४६ मणी. सहाव्या मण्याचा शब्द जीएजी, म्हणजे ग्लुटामिक आम्ल. मधल्या ‘ए’च्या जागी ‘टी’ आला की होते जीटीजी, म्हणजे व्हॅलिन. (शेवटच्या ‘जी’चा ‘ए’ झाला असता तर काही बिघडले नसते, जीएए हा जीएजीचा समानार्थी शब्द आहे!) प्राणवायू कमी पडला की हे बदललेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. हाच सिकलसेल.

आपल्या जिल्ह्यातल्या गोंड, परधान वस्त्यांत हा आजार आहे. ज्याला हे बदललेले अक्षर एकाच पालकाकडून मिळते, त्या वाहकाला गंभीर हिवतापापासून थोडे संरक्षण लाभते. म्हणून हिवतापाच्या मुलखात ते टिकून राहिले. पण ‘तो जंगलातल्या लोकांचा आजार’ असे आपण म्हणत आलो, ते चूक. पैनगंगेपलीकडे विदर्भात तो आदिवासींपुरता नाही, आणि आपल्या सोयरिकी यवतमाळ, चंद्रपूर, नागपूरकडेच होतात.

आमच्या नात्यातला एक मुलगा रात्री हातपाय दुखतात म्हणून रडायचा. आम्ही ‘वाढीचे दुखणे’ म्हणून तेल चोळत वर्षे काढली. शेवटी तपासणी झाली. आईवडील दोघेही वाहक, आणि त्यांच्या पत्रिका २८ गुणांनी जुळलेल्या!

दोघे वाहक असतील, तर प्रत्येक खेपेला मूल सिकलसेलचे निघण्याची शक्यता चारांत एक. एक वाहक आणि दुसऱ्याचे हिमोग्लोबिन निर्दोष असेल, तर आजार होत नाही, फार तर मूल वाहक होते. त्यामुळे वाहक म्हणजे लग्नाला नालायक, असे कोणी मनात आणू नये. फक्त दोघांचे रक्त आधी तपासावे. पहिली चाचणी थेंबभर रक्ताची. शंका आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू आहे.

तो मुलगा आता हायड्रॉक्सियुरिया घेतो. पाण्याची बाटली सतत जवळ, पावसात भिजायला बंदी. काल आरतीला झांजा त्याच्याच हातात होत्या.