वाटीभर तेल, विहिरीचा पोहरा आणि आपली नमाज

(शिर्डी येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी आलिम नाही. इंजिनिअरिंग शिकलो, पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो आणि सुट्टीत घरी येतो. त्यामुळे आज मी जे बोलेन, ते कुरआन अर्थासह वाचणाऱ्या एका साध्या माणसाचं बोलणं समजा. चुकलो तर इथे जाणकार बसलेले आहेत, त्यांनी बिनधास्त टोकावं.

सूरह अल-माऊन. एकशे सातवी. सात लहान आयती. आपल्यापैकी बहुतेकांना ती मकतबमध्येच पाठ झाली, सातव्या-आठव्या वर्षी. आणि खरं सांगायचं तर घाईच्या नमाजमध्ये आपण हीच घेतो, कारण ती लवकर संपते. मीही वीस वर्षं तेच केलं. ती माझ्याबद्दल काय म्हणते हे कळलं असतं, तर एवढ्या सहज तोंडून निघाली नसती.

ही सूरह एका प्रश्नाने सुरू होते. हिशेबाचा दिवस खोटा मानणारा माणूस तू पाहिला आहेस का, असं ती विचारते. आपल्याला वाटतं, आता एखाद्या नास्तिकाचं वर्णन येणार, मूर्तिपूजकाचं येणार. तसं काही येत नाही. येतो तो यतीमाला धक्के देऊन हाकलणारा आणि मिस्कीनाच्या जेवणासाठी कुणाला उद्युक्त न करणारा. आणि नंतर, एकदम, नमाज पढणारे येतात. त्यांच्या वाट्याला नाश सांगितलाय, कारण ते आपल्या नमाजबद्दलच गाफील आहेत, लोकांना दाखवायला करतात आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तूही देत नाहीत.

ही शेवटची वस्तू म्हणजे माऊन. अब्दुल्लाह इब्न मसऊद यांच्याकडून आलेला अर्थ असा, की शेजारीपाजारी एकमेकांना देतात त्या गोष्टी: बादली, भांडं, कुऱ्हाड. काही विद्वानांनी जकात असाही अर्थ घेतलाय, तो आपल्या जागी आहे. पण मला पहिला अर्थ जास्त झोंबतो. जकात वर्षातून एकदा काढून मोकळं होता येतं. बादली मागायला माणूस केव्हाही येतो.

माझी दादी जुन्या गावातली. तिच्या दारात दिवसभर कुणी ना कुणी काही मागायला यायचं. विरजण, चहापुरती साखर, पहार, शिडी, विहिरीचा पोहरा आणि दोर. तिला अरबी वाचता यायचं, अर्थ कळत नव्हता. पण मागायला आलेली वाटी तिने कधी रिकामी परत पाठवली नाही आणि स्वतः आणलेली वाटीही रिकामी परत केली नाही. माझ्याकडे आज या सूरहच्या दोन तफसीर मोबाइलमध्ये आहेत. त्यांतली शिडी कुणी मागायला येत नाही.

आता थोडं शब्दांकडे येतो, कारण तिथे गंमत आहे. गंमत म्हणजे, अंगावर येणारी.

दुसऱ्या आयतीतलं क्रियापद नुसतं नकार देण्याचं नाही, ते जोराने ढकलण्याचं आहे. तिसऱ्या आयतीत ‘जेवू घालत नाही’ असं नाही, ‘जेवू घालायला प्रवृत्त करत नाही’ असं आहे. म्हणजे ‘माझ्याकडेच नाही, मी काय देणार’ ही सबब इथे चालत नाही. तुझ्याकडे नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला सांग. इतरांना सांगणं, आवाज उठवणं हेही इथे इबादतीच्या हिशेबात धरलंय. शिवाय शब्दरचना ‘मिस्कीनाला अन्न’ अशी नाही, ‘मिस्कीनाचं अन्न’ अशी आहे. मराठीत हा एका विभक्तीचा फरक. ‘ला’ म्हटलं की मी दाता होतो. ‘चं’ म्हटलं की ते अन्न आधीपासूनच त्याचं असतं आणि मी फक्त ते अडवून बसलेला माणूस असतो.

नमाजबद्दलच्या आयतीत सुरुवातीच्या पिढीतल्या काही बुजुर्गांनी अल्लाहचे आभार मानले होते, की इथे ‘नमाजमध्ये’ गाफील असं न म्हणता ‘नमाजबद्दल’ गाफील असं म्हटलंय. नमाजमध्ये विचार भरकटणं आपल्या सगळ्यांचं होतं. माझं तर रुकूत असताना कालच्या कोडमधली चूक सापडते. त्याची ही गोष्ट नाही. नमाज माझ्याकडून काय मागते, याचाच ज्याला पत्ता नाही, त्याची ही गोष्ट आहे.

आमच्या धंद्यात एक विनोद आहे. ग्राहक सांगतो सॉफ्टवेअर चालत नाही, आणि डेव्हलपर म्हणतो, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय.’ आपली नमाजही अशी असते. माझ्या मुसल्ल्यावर तर चालतेय. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसापर्यंत ती पोचते का, हे कुणी तपासायचं?

दाखवण्याबद्दल एकच सांगतो. सूरहचा पहिला शब्द ‘तू पाहिलंस का’ आणि पुढचा ‘ते दाखवतात’ हे दोन्ही अरबीत एकाच धातूतून आलेत. पाहायचं होतं माणसाला, आणि आपण दाखवत बसलो स्वतःला. रमजानमध्ये रेशनचे किट वाटताना आपण विधवा बाईला कॅमेऱ्याकडे बघायला लावतो. किट द्या, जरूर द्या. पण तिचा फोटो स्टेटसला ठेवण्याआधी तुमच्या अम्मीचा चेहरा तिथे कल्पून बघा.

आता मी शिर्डीत उभा राहून हे का बोलतोय, ते सांगतो.

साईबाबा हिंदू की मुसलमान, हा वाद मला करायचा नाही. त्यात फार लोकांचा वेळ गेलाय. चमत्कारांच्या गोष्टींवरही मी बोलणार नाही. पण हा फकीर एका पडक्या मशिदीत राहायचा, तिला द्वारकामाई म्हणायचा, ‘अल्लाह मालिक’ त्याच्या तोंडी असायचं आणि 15 ऑक्टोबर 1918 रोजी तो इथेच गेला, एवढं या गावात लहान मुलालाही माहीत आहे. गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, यांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त दिव्यांची गोष्ट येते. फकिराला मशिदीत रात्री दिवे लावायचा शौक. तेल तो दुकानदारांकडून मागून आणायचा. एक दिवस दुकानदारांनी ठरवून सांगितलं, तेल नाही. तेल होतं. पुढे पाण्याने दिवे पेटले, असं ती गोष्ट सांगते आणि सगळ्यांचं लक्ष तिथेच जातं.

माझं लक्ष त्याच्या आधीच्या क्षणावर अडकतं. दुकानात तेलाचा डबा भरलेला आहे, समोर टमरेल घेऊन माणूस उभा आहे आणि मालक म्हणतो, संपलं. अंधारलेल्या मशिदीसाठी वाटीभर तेल. याहून नेमकं माऊन कुठलं? सूरहची सातवी आयत आपल्या गावच्या बाजारात घडली होती, असं मी समजतो.

हा फकीर जेवायचा कसा? भिक्षा मागून. पाच घरी जायचा. मिळेल ते मशिदीत आणून मातीच्या भांड्यात ठेवायचा, त्यातून कुत्री, मांजरं, कावळे खायचे आणि झाडणारी बाई भाकरी घेऊन जायची, असं चरित्रात आहे.

आणि आपल्या राज्यात 1959 चा भिक्षा प्रतिबंध कायदा आहे. सार्वजनिक जागी भीक मागणं त्यात येतं, आणि कुणाच्या घरी भीक मागायला जाणंही त्यात येतं. पहिल्यांदा दोषी ठरला तरी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. 2018 साली दिल्ली उच्च न्यायालयाने तिथे लागू असलेल्या या कायद्याची मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे तो आहे. पाच घरी जाणारा तो फकीर आज आला, तर त्याच्या नावाच्या गावातून त्याला गाडीत घालून नेता येईल.

मी कल्पना करून बोलत नाही. एप्रिल 2025 मध्ये शिर्डीतून पन्नासच्या आसपास भिक्षेकरी उचलले गेले. श्रीगोंदा तालुक्यातल्या विसापूरच्या भिक्षेकरी गृहात त्यांना ठेवलं. काहींची तब्येत बिघडली, त्यांना अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात आणलं आणि त्यातले चौघे मरण पावले. नातेवाइकांनी हेळसांडीचे आरोप केले, प्रशासनाने आपली बाजू मांडली. कोण दोषी, हे मी या खुर्चीवरून ठरवणार नाही. ते तपासणाऱ्यांचं काम.

पण त्याआधी, त्याच वर्षी जानेवारीत, प्रसादालयातलं मोफत जेवण बंद करून पंचवीस रुपये घ्यावेत, फुकट जेवणामुळे राज्यातले भिकारी इथे गोळा झालेत, अशी मागणी जाहीरपणे झाली होती. तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी मान डोलावली. मीही. ‘गर्दुल्ले असतात, खिसे कापतात, भक्तांना त्रास देतात’, हे मी स्वतः चहाच्या टपरीवर बोललोय. काही जण तसे असतीलही. पण ‘कोण लायक आहे’ हा प्रश्न या सूरहमध्ये मी शोधला आणि मला तो सापडला नाही. मिस्कीन नशा करतो का, हे तिथे विचारलेलं नाही. ढकलणाऱ्याचीच तेवढी चौकशी केलेली आहे.

आणि आपण मुसलमानांनी यावेळी ‘हा संस्थानाचा विषय, आपला नाही’ असं म्हणून हात झटकले. जुम्याच्या नमाजनंतर आपल्याही दाराशी रांग असते. तिला आपण ‘हट्टेकट्टे आहेत, काम करत नाहीत’ म्हणतो आणि चप्पल शोधत पुढे जातो.

आता माझं स्वतःचं. हे सांगायची त्याची परवानगी घेतलीय, नाव घेत नाही.

आमच्या गल्लीत एक मुलगा आहे. वडील गेले तेव्हा तो नववीत होता. अकरावीला गेल्यावर शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरायचा होता. घरात लॅपटॉप नाही, मोबाइलवर कागद अपलोड होईनात. मी ईदच्या सुट्टीत घरी होतो. तो असरच्या वेळी आला. मी वजू करून निघालो होतो. म्हटलं, नमाजला चाललोय, नंतर ये. दुसऱ्या दिवशी आला, तेव्हा मी म्हटलं वेबसाइट स्लो आहे, रात्री बघू. रात्री क्रिकेटची मॅच होती. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी पुण्याला निघायच्या गडबडीत होतो. ‘लिंक पाठव, करून टाकतो’ म्हणालो. त्याने पाठवली. मी ती उघडली तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते.

दिवसभर माझं काम काय? लोकांना फॉर्म भरता यावेत म्हणून स्क्रीन बनवणं. त्याला हवी होती माझी वीस मिनिटं. बादलीसारखीच गोष्ट, वापरून परत मिळणारी. वीस मिनिटं परत मिळत नाहीत म्हणाल, पण मॅच बघून तरी कुठे परत मिळाली?

त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘असू दे भाई, पुढच्या वर्षी बघू.’ रागावला असता तर बरं झालं असतं. आता तो पहाटे फुलांच्या गाड्या उतरवतो आणि मग कॉलेजला जातो.

त्या रात्री इशाच्या नमाजमध्ये इमाम साहेबांनी हीच सूरह घेतली. दुसऱ्या आयतीला माझ्या डोळ्यांसमोर कुणी दुष्ट सावकार आला नाही. आमचं दार आलं, हातात कागदांची पिशवी धरलेला मुलगा आला आणि टोपी नीट करत ‘नंतर ये’ म्हणणारा मी आलो. मी त्याला हात लावला नव्हता. धक्का मात्र दिला होता, आणि तोही नमाजचं नाव सांगून.

एक गोष्ट आपण विसरतो. ही सूरह ज्यांच्यावर उतरली, ते स्वतः यतीम होते. जन्माआधी वडील गेले, सहाव्या वर्षी आई गेली, आठव्या वर्षी आजोबाही गेले. दाराशी उभं राहणं काय असतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

मी फार बोललो. बाहेर ओट्यावर टेबल लावलंय, तिथे माझा लॅपटॉप आणि एक छोटा स्कॅनर आहे. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, विधवा पेन्शन, जे अडलं असेल ते घेऊन या. मगरिबपर्यंत मी आहे. तुमच्यापैकी ज्यांना टायपिंग येतं, अशा तिघांनी माझ्याबरोबर बसा, एकट्याने होणार नाही. आणि विसापूरला अजून आपल्या गावचे किती जण आहेत, त्यांना भेटायला जायची परवानगी कशी मिळते, याचा अर्ज मी लिहून आणलाय. सही करायची तर पेन तिथेच ठेवलंय.