पित्ताशयातले खडे आणि वऱ्हाडी ताट



कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातल्या अनेक बाया सकाळी चहा घेऊन शेतात जातात. भाकरीला हात लागतो तो पार दुपारी. त्यात संकष्टी आली की चंद्रोदयापर्यंत पोट रिकामं, आणि मग तळण-तुपाचं जेवण एकदम. पित्ताशयात खडे असतील तर हे फार त्रासाचं.

यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करतं. त्यातला काही पित्ताशयात साठतो आणि घट्ट होतो. जेवणातली चरबी लहान आतड्यात पोचली की कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक पित्ताशयाला आकसायला लावतं. तोंडाशी खडा अडकलेला असेल तर उजव्या बरगडीखाली कळ उठते, कधी पाठीत आणि उजव्या खांद्यापर्यंत जाते. पोट फार वेळ रिकामं राहिलं तर पित्त साचून दाट होतं आणि नवे खडे धरायला वाव मिळतो. वजन झपाट्यानं उतरवणाऱ्यांनाही हा धोका असतो.

म्हणून पथ्य म्हणजे तेल-तूप पार बंद, असं नाही. थोडं थोडं आणि वेळेवर खायचं.

ज्वारीची भाकरी, तुरीचं साधं वरण, पालेभाजी, ताक हे घरचंच ताट बहुतेकांना मानवतं. त्रास होतो तो वरून पडणाऱ्या तेला-तुपाचा: गोळाभातावर ओतलेली फोडणी, तुपात बुडवलेला रोडगा, वांग्याच्या भाजीवरची तर्री, सकाळचा आलूबोंडा. भंडाऱ्यात बसावंच लागलं तर रोडगा कोरडा कुस्करून वरणासोबत खाता येतो. एकादशीला दाण्याच्या कुटाची साबुदाणा खिचडी टाळून भगर, ताक, पपई असं दिवसातून दोन-तीनदा घेता येतं.

एवढं केलं तरी खडा विरघळत नाही. कळा मात्र कमी होऊ शकतात. मूतखड्यासाठी घेतात ते पानफुटी किंवा कुळथाचं कढण इथं कामाचं नाही, कारण पित्ताचा मार्ग वेगळा आहे. तेल आणि लिंबाचा रस पिऊन ‘खडे पाडायचा’ उपाय मोबाइलवर फिरतो. त्यानंतर शौचात दिसणाऱ्या हिरव्या गोळ्या तपासल्या गेल्या, तेव्हा त्या पोटात तेलाचाच साबण होऊन बनलेल्या निघाल्या.

विदर्भात आणखी एक कारण असतं: सिकलसेल. या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात, बिलिरुबिन वाढतं आणि त्याचे काळपट खडे लहान मुलांतही होतात. तिथं आईच्या फोडणीला दोष देण्यात अर्थ नाही. जुलै 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. घरात हा आजार असेल आणि मुलाचं पोट वारंवार दुखत असेल, तर सोनोग्राफीबद्दल डॉक्टरांना विचारावं.

त्रास न देणारे खडे बहुतेकदा तसेच ठेवले जातात. वारंवार कळा येत असतील तर पित्ताशय काढणं हा खात्रीचा इलाज. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी 1990 मध्ये दुर्बिणीतून ही शस्त्रक्रिया केली आणि भारतात या पद्धतीची सुरुवात झाली. पित्ताशय काढल्यावर पित्त थेट आतड्यात उतरतं. सुरुवातीला काहींना जुलाब होतात. काही आठवड्यांत बहुतेकांचं जेवण पूर्ववत होतं.

कळ काही तास थांबली नाही, हुडहुडी भरून ताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर पथ्याच्या भरवशावर न राहता त्याच दिवशी यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठावं.