डाव्या हाताचं काम

एखादं काम अगदी सोपं असलं, की आपण म्हणतो, ‘हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ!’ आमच्या सुतारकामात मात्र असं एक यंत्र आहे, की ज्याचं खरं काम डाव्या हाताचंच असतं. त्याला कोणी मळ समजलं, की रक्त निघतं. त्या यंत्राचं नाव बिस्किट जॉइनर.

नावाला हसू नका. हे बिस्किट म्हणजे बीचच्या लाकडाची, दाबून केलेली लंबगोल चकती. वीस नंबरचं बिस्किट ५६ मिलिमीटर लांब, २३ रुंद आणि ४ जाड असतं. दोन फळ्यांच्या कडांना यंत्रानं चंद्रकोरीसारख्या खाचा पाडायच्या, त्यांत पांढरा गोंद घालायचा, मध्ये बिस्किट बसवायचं आणि क्लॅम्प आवळायचा. गोंदातलं पाणी पिऊन बिस्किट फुगतं आणि घट्ट बसतं. स्वित्झर्लंडमधले सुतार हर्मान स्टायनर यांनी १९५० च्या दशकात ही युक्ती काढली.

माझे वडील पटाशीनं सांधे करत. त्यांचा अर्ध्या दिवसाचा सांधा हे यंत्र काही मिनिटांत करतं. शिवाय त्याचं पातं आत लपलेलं असतं. यंत्र पुढं रेटलं, तरच ते बाहेर येतं. त्यामुळे ते निरुपद्रवी वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं.

एका संध्याकाळी कपाटाची एकच पट्टी उरली होती, वीतभर लांबीची. क्लॅम्प लावायचा कंटाळा केला. पट्टी डाव्या हातात धरली, उजव्यानं यंत्र रेटलं. मिनिटाला सुमारे दहा हजार फेरे घेणारं पातं लाकडाला लागताना यंत्र बाजूला सरकू पाहतं. पट्टी हलली, यंत्र घसरलं. तर्जनीला सात टाके पडले. त्या बोटाला आजही गरम-गार नीट कळत नाही.

वडील एवढंच म्हणाले, ‘‘आधी लाकूड धरावं, मग हत्यार.’’

तर पहिला नियम हाच. लाकूड क्लॅम्पनं टेबलाला आवळा. तुकडा लहान असेल, तर लांब फळीलाच आधी खाच पाडा आणि तुकडा नंतर कापा. आता डावा हात मोकळा झाला. तो यंत्राच्या पुढच्या मुठीवर ठेवा आणि तिथली आडवी पट्टी फळीवर सपाट दाबून धरा. उजव्या हातानं फक्त मागून रेटायचं. यंत्र चालू केल्यावर पात्याला पूर्ण वेग येऊ द्या. मग घाई न करता सरळ आत, सरळ बाहेर. पातं बाहेर आल्यावरच बटण बंद करा.

याच दाबावर सांध्याची सफाईही ठरते. डावा हात सैल पडला, की यंत्र झुकतं, खाच तिरपी होते आणि फळ्या एका पातळीत येत नाहीत. खाली भुसा अडकला तरी तेच होतं, म्हणून दर खाचेनंतर फुंकर किंवा ब्रश मारा. फळीच्या दर्शनी बाजूला पेन्सिलीनं खूण करा आणि पट्टी नेहमी त्याच बाजूवर टेका. खाच बिस्किटापेक्षा थोडी लांब असते, त्यामुळे आडवी चूक थोडीफार सावरता येते. वर-खाली झालेली चूक मात्र सावरत नाही. म्हणून आधी टाकाऊ तुकड्यांवर एक सांधा करून त्यावरून बोट फिरवून बघा.

आणखी एक. आपल्याकडच्या पावसाळ्यात बिस्किटं हवेतल्या ओलाव्यानंच फुगतात आणि खाचेत जात नाहीत. ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

माझ्याकडे नवा मुलगा कामाला आला, की पहिले दोन दिवस मी यंत्राची वायर प्लगला लावू देत नाही. नुसतं धरायला लावतो. मुलं कंटाळतात. मग मी त्यांना माझी तर्जनी दाखवतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)